मेट्रोसमोरच्या फुटपाथवर एक पाटी हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

धोबीतलावच्या मेट्रो चित्रपटगृहासमोरून, म्हणजे वासुदेव बळवंत फडके चौकातून, माझे अनेक वर्षांचे जाणे-येणे आहे. मध्यंतरी तिथे बसची वाट पाहताना मी नातवाला सांगितले की, फिल्मफेअर पुरस्कारांचा पहिला सोहळा २१ मार्च १९५४ रोजी याच इमारतीत झाला. त्याने आधी भिंतीकडे, मग पायाखालच्या पेव्हर ब्लॉककडे पाहिले आणि विचारले, "कुठे लिहिलंय?" मी निरुत्तर झालो, आणि म्हणून हे पत्र.

लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बुलेव्हार्डवर चालणाऱ्याला असा प्रश्न सहसा पडत नाही. तिथल्या रुझवेल्ट हॉटेलात १६ मे १९२९ रोजी पहिले ऑस्कर दिले गेले. विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झालेली असल्याने प्रत्यक्ष पुरस्कारप्रदान पंधराएक मिनिटांत उरकले होते. एवढ्याशा प्रसंगाची आठवणही त्या रस्त्याने जपली आहे. त्याच रस्त्यावरच्या डॉल्बी थिएटरच्या प्रवेशमार्गातील खांबांवर सर्वोत्कृष्ट चित्रपटांची नावे वर्षवार लावलेली असून २०७१ पर्यंतच्या नावांसाठी जागा आताच मोकळी ठेवली आहे.

मेट्रोसमोरच्या पाटीवर केवळ दिनांक आणि नटनट्यांची नावे नसावीत, अशी माझी विनंती आहे. पहिल्या वर्षी पुरस्कार अवघे पाच होते: चित्रपट 'दो बिघा जमीन', दिग्दर्शक बिमल रॉय, अभिनेता दिलीपकुमार, अभिनेत्री मीनाकुमारी आणि संगीतकार नौशाद. ही यादी कोणीही देईल. पण या पुरस्कारांना आरंभी 'क्लेअर' म्हणत, ते 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून, हे आज किती जणांना ठाऊक आहे? हात उंचावून नाचणाऱ्या स्त्रीची ती प्रसिद्ध काळी बाहुली 'टाइम्स'चे कला संचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी घडवली. फोर्टमधील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर जी भव्य दगडी माणसे उभी आहेत, तीही पानसऱ्यांचीच. मेट्रोपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि ज्याची बाहुली दरवर्षी लाखो लोक दूरदर्शन संचावर पाहतात, त्या मराठी शिल्पकाराचे नाव या पाटीवर यायलाच हवे.

पाच पुरस्कारांत गाणाऱ्यासाठी एकही नव्हता, हेही नोंदवावे. पुढे लता मंगेशकर यांनी याच कारणावरून सोहळ्यात गायला नकार दिला आणि १९५९ पासून पार्श्वगायनाला पुरस्कार मिळू लागला.

एक व्यवहाराची गोष्ट. हॉलिवूडच्या फुटपाथवर कलावंतांच्या नावांचे तारे जमिनीतच बसवलेले आहेत, म्हणून आपणही पाटी जमिनीत बसवण्याच्या मोहात पडू नये. आपल्याकडे केबलसाठी, गटारासाठी, पाण्याच्या नळासाठी फुटपाथ वारंवार उखडला जातो आणि पेव्हर ब्लॉक परत बसतात ते उलटसुलट. त्या राड्यात पितळी पाटी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतही टिकणार नाही. त्याऐवजी फुटपाथच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, बिडाच्या खांबावर ती उभी करावी. मजकूर आधी मराठीत आणि मग इंग्रजीत असावा, आणि अक्षरे चष्मा न काढता वाचता येतील एवढी मोठी असावीत. महापालिका आणि पुरस्कारांचे आयोजक यांनी मिळून हे मनावर घेतले, तर येत्या २१ मार्चला ती सहज उभी राहू शकेल.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव, मुंबई