दारे हरवलेले रस्ते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शहरांच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की हळहळणारे आणि हुरळणारे असे दोन गट पडतात. एकावर स्मरणरंजनात रमल्याचा शिक्का बसतो, दुसऱ्यावर बिल्डरधार्जिणेपणाचा, आणि शहर बदलताना त्यातून नेमके काय जाते हा मूळ प्रश्न तसाच राहतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

काही महिन्यांपूर्वी अर्धवट पाडलेल्या एका इमारतीसमोर मी बराच वेळ उभा होतो. शेजारच्या इमारतीला चिकटलेली तिची एक भिंत तेवढी शिल्लक होती. तिच्यावर एकावर एक खोल्यांचे रंग दिसत होते, खालच्या खोलीचा पोपटी, वरच्या खोलीचा विटका गुलाबी. नाहीशा झालेल्या जिन्याची तिरकी रेघ तळापासून माथ्यापर्यंत उमटलेली होती, आणि तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, जिथे आता कोणाचाही हात पोचणार नव्हता, एक खुंटी भिंतीत तशीच रोवलेली होती. खाली राडारोड्यात दाराची पायरी पडली होती. वर्षानुवर्षांच्या पावलांनी तिचा मधला भाग बशीसारखा खोलगट झाला होता. त्या घरात माझे कोणी राहत नव्हते, त्या दारातून मी कधी आतही गेलो नव्हतो. तरीही आपले काहीतरी गेले असे वाटले, आणि ते का वाटले याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या स्विस विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला. घरी परतणे आणि वेदना अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोडणी आहे. घरापासून दूर गेलेल्या माणसाचे झुरणे हा त्याच्या लेखी एक आजार होता आणि रोग्याला घरी पाठवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. आजच्या शहरात हा उपायही उरलेला नाही, कारण इथे माणूस जागच्या जागी आहे आणि घराभोवतीचा परिसरच त्याला सोडून निघून गेला आहे. या भावनेला हळवेपणा म्हणून झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते. ती एक साक्ष आहे, आणि साक्षीची उलटतपासणी जरूर व्हावी, पण ती आधी ऐकून घेतली पाहिजे.

उलटतपासणीत पहिली गोष्ट मान्य करावी लागते ती ही की, गळके छप्पर, अंधारा जिना आणि अनेक कुटुंबांत मिळून एक नळ अशा स्थितीत दिवस काढणाऱ्याला त्याच्या इमारतीचे सौंदर्य समजावून सांगणे हा उद्धटपणा आहे. पॅरिसमध्ये १८३२ आणि पुन्हा १८४९ साली पटकीने हजारो माणसे दगावली आणि तिचा मोठा मार दाट, कोंदट वस्त्यांना बसला. १८५३ मध्ये ओसमान या प्रशासकाकडे त्या शहराची सूत्रे आली आणि १८७० पर्यंत त्यांनी रुंद रस्ते, बागा, मैलापाण्याच्या भुयारी वाहिन्या यांसाठी जुन्या पॅरिसचा मोठा भाग जमीनदोस्त केला. गरिबांना शहराच्या कडेला जावे लागले, हा त्या कामावरचा डाग कधीच पुसला गेला नाही. मात्र तेव्हा ज्या नव्या पॅरिसविषयी लोक हळहळले, तेच आज जगाला पॅरिसचे अस्सल रूप वाटते. याचे कारण केवळ काळ लोटला हे नाही. ओसमान यांच्या काळातल्या त्या इमारती नव्या असल्या तरी रस्त्याला अगदी लागून उभ्या राहिल्या, त्यांच्या तळमजल्यावर दुकाने आली, वर घरे आली, आणि चालणाऱ्याच्या हाताशी दार राहिले.

माझ्या मते सगळे मर्म इथे आहे. शहराचा स्वभाव इमारतींच्या वयावर ठरत नाही, त्या रस्त्याशी कशा वागतात यावर ठरतो. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी जिवंत रस्त्याचे एक साधे माप सांगितले आहे: शंभर मीटर लांबीत साधारण १५ ते २० दारे. हे माप कळल्यापासून मी चालताना दारे मोजतो. जुन्या रस्त्यांवर अरुंद भूखंड एकाला एक लागून असल्यामुळे प्रत्येक पाच-सहा मीटरला नवा उंबरा येतो, नवा आवाज, नवा वास, आणि दारात उभे असलेले कोणीतरी. पुनर्विकासात असे सात-आठ भूखंड एकत्र केले जातात, कारण मोठा प्रकल्प मोठ्या भूखंडावरच परवडतो. मग त्या सगळ्या दारांच्या जागी एक फाटक येते, फाटकाशेजारी पहारेकऱ्याची चौकी, आणि पुढे कोपऱ्यापर्यंत कुंपणाची सलग भिंत, जिच्यामागे वाहनतळाचे मजले असतात. घरांची संख्या वाढलेली असते, माणसेही वाढलेली असतात, पण ती सारी गाडीत बसून एकाच फाटकातून आत-बाहेर करतात आणि रस्त्यावर संध्याकाळी सातलाही शुकशुकाट असतो. त्या भिंतीच्या कडेने वृद्ध आईला हाताला धरून चालून पाहावे. टेकायला एक पायरी मिळत नाही. ही रचना हवामान, भाषा, चालीरीती काहीही न विचारता कुठेही उभी करता येते, आणि म्हणूनच सगळी शहरे एकमेकांसारखी दिसू लागली आहेत.

दर्शनी भाग जतन केला की हे टळते अशी एक समजूत आहे. सिंगापूरने १९८९ मध्ये जुन्या दुकान-घरांच्या अनेक वस्त्यांना कायद्याने संरक्षण दिले आणि त्या इमारती उत्तम राखल्या, हे निर्विवाद आहे. पण तिथले जुने भाडेनियंत्रण टप्प्याटप्प्याने उठत गेले, २००१ मध्ये पूर्ण संपले, आणि कितीतरी जुने कारागीर व व्यापारी त्या रंगवलेल्या दर्शनी भागांमागून निघून गेले. भिंत वाचवणे त्या मानाने सोपे असते. भिंतीआड चालणारा व्यवसाय टिकतो तो भाड्यावर. ज्या न्यूयॉर्कमध्ये शेजारवस्त्यांमधून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाविरुद्ध शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स लढल्या, तिथे १९६१ मध्येच त्यांनी सांगून ठेवले होते की नव्या कल्पनांना जुन्या इमारतींची गरज असते, कारण धडपडणाऱ्या माणसाला परवडते ते जुन्या जागेचेच भाडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१५ मध्ये साधारण ३० वर्षे वा अधिक काळ चाललेल्या व्यवसायांना मदत देणारा निधी मंजूर केला, आणि जागा दीर्घ मुदतीने भाड्याने देणाऱ्या मालकांनाही त्यातून अनुदान ठेवले. वारशाच्या यादीत इमारतीसोबत चालता धंदाही असू शकतो, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

दुसरा मुद्दा नोंदीचा. ज्या राजवटीने जुने पॅरिस पाडले, तिच्याच काळात पालिकेने शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराला नेमून पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे काढून घेतली, आणि आज त्या गल्ल्या आपल्याला दिसतात त्या त्यांच्यामुळे. पोलंडची राजधानी वॉर्साचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. १९४४ च्या उठावानंतर नाझी सैन्याने ते शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. युद्धानंतर जुना भाग पुन्हा उभारताना अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तोची नगरचित्रे कामी आली, आणि त्याहून अधिक कामी आली ती वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी घरोघरी मोजमापे घेऊन काढलेली आणि युद्धकाळात जपून ठेवलेली रेखाटने. हा पुनर्रचित भाग १९८० मध्ये जागतिक वारसास्थळ झाला. मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्या त्या मुलांना आपण काय राखतो आहोत याची पुरती कल्पनाही नसेल.

म्हणून माझी मागणी इमारती गोठवून ठेवण्याची नाही. विकास आराखड्यात भूखंडांच्या एकत्रीकरणावर मर्यादा असावी. रस्त्याच्या बाजूने कुंपण घालण्याऐवजी ठरावीक अंतरावर दारे ठेवणे बंधनकारक असावे. तळमजल्यावरच्या जुन्या गाळेधारकाला नव्या इमारतीतही तळमजल्यावरच आणि त्याला पेलेल अशा भाड्याने जागा मिळावी. पाडकामाची परवानगी देण्यापूर्वी इमारतीची मोजमापे, छायाचित्रे आणि तिथे राहणाऱ्यांच्या आठवणी नोंदवून घेण्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात धरावा. एकूण खर्चापुढे ही रक्कम नगण्य असते. न्यूयॉर्कमध्ये १९१० साली उभे राहिलेले पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडले गेले आणि वास्तू जतनाचा कायदा त्यानंतर, १९६५ मध्ये आला. ग्रँड सेंट्रल स्थानक त्या कायद्याने वाचले, पहिले ते गेलेच.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. पाडकामाच्या वाटेवर असलेल्या एखाद्या इमारतीचे छायाचित्र, तिच्या तळमजल्यावर काय चालत होते आणि वर कोण राहत होते याच्या चार ओळींसह, आठवड्यातून एकदा छापण्यासाठी आपण थोडी जागा द्यावी. वाचक ती आनंदाने पाठवतील. मी पाहिलेल्या त्या भिंतीचे, खुंटीसह टिपलेले छायाचित्र माझ्याकडे आहे आणि ते मी लगेच पाठवू शकतो. ती इमारत पूर्ण उभी असतानाचे छायाचित्र मात्र माझ्याकडे नाही, आणि आसपास विचारले तेव्हा कोणाकडेच सापडले नाही.

आपला,
एक नियमित वाचक