गाडी पळवायची की चढवायची, हे विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळतो आहे. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. इलेक्ट्रिक गोल्फ कार्टची ताकद वाढवू पाहणाऱ्या आणखी कुणाच्या तरी हाती तुमचं सांगणं लागावं, म्हणून हे उघडं पत्र.

आमची कार्ट 48 व्होल्टची, सिरीज प्रकारच्या डीसी मोटरची, 8 व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर चालणारी. ज्यांना चढ चालवत नाही त्यांना वर नेऊन सोडणं हे तिचं काम. चार माणसं बसली की ती अर्ध्या वाटेत दम टाकायची. मोठी मोटर, मोठा कंट्रोलर (मोटरला किती प्रवाह द्यायचा ते ठरवणारा), लिथियम बॅटरी, मोठी चाकं अशी यादी घेऊन मी तुम्हाला फोन केला. तुम्ही ती शेवटपर्यंत ऐकून घेतलीत आणि एकच विचारलंत, "तुम्हाला गाडी पळवायची आहे की चढवायची आहे?"

त्या एका प्रश्नाने निम्मी यादी गळाली. वेग मिळतो व्होल्टेजमधून, ओढ मिळते अँपिअरमधून, हे तुम्ही तेव्हाच समजावलंत. मोठ्या चाकांनी सपाटीवरचा वेग वाढला असता आणि चढावरची ओढ कमी झाली असती, म्हणजे आम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट. "काहीही विकत घ्यायच्या आधी मला आकडे सांगा," असं म्हणून तुम्ही मला मल्टिमीटर हातात घ्यायला लावलंत.

चार्ज करून गाडी काही तास उभी ठेवली की पूर्ण संच 50.9 व्होल्टच्या आसपास दिसायला हवा. आमचा जवळपास तेवढाच दिसत होता. "उभ्या गाडीचा आकडा फसवतो, चढावरचा घ्या," असं तुम्ही म्हणालात. मीटरच्या वायरी लांब करून, त्यांत फ्यूज घालून, सीटखालून बाहेर कशा आणायच्या तेही सांगितलंत. गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन मी मीटरकडे बघत बसलो. पाच बॅटऱ्या चढावर 7.9 च्या आसपास टिकून होत्या आणि एक थेट 6.4 वर बसली. तीच बॅटरी उभ्या गाडीत 8.3 दाखवत होती! हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारं उपकरण) लावला तेव्हा तिच्या एका सेलमध्ये, म्हणजे कप्प्यात, 1.150 आणि बाकीच्यांत 1.270. घनता कमी म्हणजे सेल कमी भरलेला. मालिकेत जोडलेल्या संचात एक सेल बसला की सगळ्यांनाच त्याच्यामागे थांबावं लागतं. संच फार जुना नसल्याने तुम्ही तेवढी एकच बदलायला सांगितलीत, तीही त्याच बनावटीची, त्याच क्षमतेची आणि शक्य तितकी त्याच वयाची.

पण माझ्या मनात खरी घर करून राहिली ती जोडाची तपासणी. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी केबलच्या लगवर, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या कडीवर. लगवर-लगवर धरलीत तर काहीच कळणार नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. वरून घट्ट दिसणाऱ्या एका जोडावर चढावर 0.6 व्होल्ट पडत होते. "मोटर 250 अँपिअर ओढत असेल तर गुणाकार करा." 150 वॅट! एवढी उष्णता एका नटाखाली, आणि तेवढीच ताकद चाकांपर्यंत न पोचता वाया. लग काढला तर खाली पांढरट थर. तो घासून साफ केला, जोड पुन्हा आवळला आणि मीटर जवळजवळ शून्यावर आला.

काम करण्याआधी गाडी टो मोडवर (ओढून नेताना ठेवतात त्या स्थितीत, म्हणजे कंट्रोलर बंद) घ्या, संचाची मुख्य निगेटिव्ह केबल आधी सोडा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. हे तुम्ही प्रत्येक फोनवर म्हणालात. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि पाना दोन खांबांवर पडला तर काय होतं, तेही स्पष्ट सांगितलंत. त्या आग्रहासाठी वेगळे आभार.

एवढं झाल्यावरच तुम्ही कंट्रोलरचं नाव काढलंत. 275 अँपिअरच्या जागी 400 चा, पण आधी केबल आणि सोलेनॉइड (मुख्य प्रवाह जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा मोठा स्विच). 6 गेजच्या जागी 2 गेजची केबल आली (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड), म्हणजे तांबं साधारण अडीचपट. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टोकांमधला रेझिस्टर विसरू नका, हा इशारा लाखमोलाचा. त्यातून कंट्रोलरमधले कपॅसिटर हळूहळू भरतात. तो नसेल तर सोलेनॉइडमधली पट्टी जुळताना दर वेळी ठिणगी उडते आणि शेवटी संपर्क चिकटून बसतात. चिकटलेला सोलेनॉइड ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी वीज तोडत नाही, हे ऐकून मी तो भाग पुन्हा उघडून तपासला.

मोटर आम्ही बदललीच नाही. कार्बन ब्रश पाहिले, ते ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल, म्हणजे कम्युटेटर, साफ केला, झालं. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, हे तुमचं सांगणं आता चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मोटर फिरत नसताना सगळा प्रवाह कम्युटेटरच्या त्याच-त्याच पट्ट्यांतून जातो आणि त्या जळतात.

वेग वाढवायला तुम्ही ठाम नकार दिलात. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ताशी 20 चे 30 किलोमीटर केले तर थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. आमच्या गाडीत बसणारी माणसं स्वतःला सावरू शकत नाहीत, हे तुम्ही न पाहताही ओळखलंत.

आता चौघे बसले तरी गाडी न अडखळता वर जाते. लिथियमचं सध्याचा संच थकल्यावर बघू. 3.2 व्होल्टचे 16 सेल, म्हणजे 51.2 व्होल्ट, आणि शंभरेक किलो वजन कमी, हा मोह मोठा आहे. पण बीएमएस (लिथियम बॅटरीला सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) कंट्रोलरच्या कमाल अँपिअरला पुरणारा हवा, नाहीतर भर चढावर तोच वीज तोडेल, आणि चार्जरही वेगळा, हे टिपून ठेवलं आहे.

मोबदल्याचं विचारलं तेव्हा तुम्ही विषयच बदललात. मग एवढं तरी करा, एकदा या आणि गाडी स्वतः चढवून बघा. एसी मोटर उतारावर गाडी रोखते आणि थोडी वीज बॅटरीत परत घालते म्हणतात. आमच्यासारख्या उताराला ती परवडेल का, हे विचारायचं राहून गेलं आहे. या रविवारी फोन करतो.

तुमचा कृतज्ञ,
कार्टवाला