कॅराव्हॅनला पुळण नको, चिऱ्यांचा तळ हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाड्या, घाट उतरून केळशी, आंजर्ले, वेळणेश्वर, भोगवे अशा आडबाजूच्या किनाऱ्यांना लागतात. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ सालीच आले. तरी गावात पोहोचल्यावर गाडी कुठे लावायची आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हे आजही ज्याचे त्याने बघायचे. मग गाडी सरळ पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जाते आणि रात्री ट्रॅक्टरवाल्याचे दार वाजते.

दिवाळी म्हणजे अमावस्या, आणि अमावस्या म्हणजे उधाण. त्या दिवसांत ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. नेमक्या त्याच वेळी कुटुंब पोहोचते, समोर लांबरुंद मोकळी वाळू दिसते आणि तळ पडतो. मुले झोपल्यावर, बाराच्या आसपास, पाणी चाकाशी आलेले असते. हे कळायला मोबाइलला रेंज लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तास-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. किनाऱ्यावरच्या कोणत्याही कोळ्याला विचारा, तो बोटांवर मोजून सांगेल.

ओहोटीची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट वाटते, फसगत तिथेच होते. भरतीचे पाणी चढू लागले की चाकाखालची वाळू सैल होऊन प्रत्येक लाटेबरोबर निसटते आणि तीन-चार टनांची गाडी पोटावर बसते. मग ॲक्सिलरेटर दाबला की चाक आणखी खाली जाते. चाकांतली हवा वीस-पंचवीस पीएसआयपर्यंत उतरवावी, ज्या बाजूने निघायचे त्या बाजूची वाळू उतार करून फावड्याने काढावी, चाकांखाली फळ्या नाहीतर झावळ्या सारून हळू निघावे. ओढायची वेळ आलीच तर दोर बंपरला नव्हे, चासीच्या हुकाला बांधावा आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरावी. त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुतली नाही, तर ब्रेक आणि वायरिंग खाऱ्या पाण्याने खाल्लेच समजा.

म्हणून गाडी सुरूच्या बनामागे, कठीण जमिनीवर लावावी. माडाखाली अजिबात नको. नारळ आणि वाळकी झावळी दोन्ही छतावरच्या सौर पॅनेलवरच येतात. आपल्याकडे कॅराव्हॅनचे दार बहुधा डावीकडे असते, तेव्हा तोंड दक्षिणेला केले की दार आणि कनात पूर्वेला, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याच्या आडोशाला येतात. दारातून समुद्र दिसत नाही म्हणून घरात कुरबुर होईल, ती सोसावी; कनात तरी फाटणार नाही. सुरूच्या वाळक्या पानांचा थर क्षणात पेटतो, त्यामुळे तिथे शेकोटी नको. गॅसची टाकी पाच किलोची, वेगळ्या कप्प्यात ठेवावी आणि त्या कप्प्याला तळाशी भोक असावे, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो. कोळशाची शेगडी बंद कनातीत किंवा गाडीत घेऊन झोपणे जिवावर बेतते. नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या विणीचा काळ, तेव्हा समुद्राकडचे दिवे रात्री बंदच हवेत.

आता मूळ मागणी, आधी तिची कारणे. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीतून निम्मीच, म्हणजे जेमतेम नऊशे वॉट-अवर वीज वापरता येते. एक टनाचा एसी त्यावर तासभरही चालत नाही, म्हणून रात्रभर जनरेटर धडधडतो आणि सगळी वाडी जागी राहते. शंभर लिटर पाणी चौघांना जपून वापरले तर दीड दिवस पुरते. सुटी काढता येणारी संडासाची वीस लिटरची टाकी दोन दिवसांत भरते आणि ती अंधारात खाडीकडेला ओतली जाते. इथल्या जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने झिरपते, कोकणातल्या विहिरीही फार खोल नसतात. पुढचे सांगायला नको.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी भरतीरेषेच्या बऱ्याच वर, विहिरींपासून लांब, चार गाड्यांपुरती जागा चिऱ्यांनी बांधून घ्यावी. तिथे सोळा अँपिअरचे प्लग, एक नळ आणि संडासाची टाकी ओतायला सेप्टिक टँकला जोडलेले झाकणाचे चेंबर एवढे पुरे. टाकीत फॉर्मॅल्डिहाइडचे रसायन घालणाऱ्यांना चेंबर वापरू देऊ नये, त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि टँक तुंबतो. रात्रीचे भाडे घ्यावे, पावती द्यावी आणि पावतीच्या मागे त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. जिल्हा परिषदेने येत्या दिवाळीआधी निदान दोन-तीन गावांत याची सुरुवात करावी.

– एक वाचक, दापोली