झोन बदलाच्या नोटिशीआधीच कागद तयार ठेवूया : गाव कमिटीचं आवाहन

समस्त गावकरी बंधू-भगिनींनो, आणि कामधंद्यासाठी कोल्हापूर, पुणे, मुंबईला असलेल्या आमच्या पोरांनो,

बळ्ळारी नाल्याच्या अंगानं आपला शिवार आहे. पावसाळ्यात भात, भात निघालं की ओलीवर मसूर. उताऱ्यावर नाव आपलं, पण या जमिनीत घरं उठणार की पीकच राहणार हे ठरतं बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, मास्टर प्लॅनमध्ये. नकाशावर ग्रीन (शेतीचा) झोनचा यलो (घरांचा) झोन झाला की एन.ए. (बिगरशेती) आणि लेआऊटची वाट मोकळी होते.

हा रंग दोन तऱ्हांनी बदलतो. कर्नाटकच्या १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याप्रमाणे मास्टर प्लॅनची दर १० वर्षांनी फेरतपासणी व्हायची असते. तेव्हा हरकतींना ६० दिवस मिळतात आणि गावोगाव चर्चाही होते. दुसरी तऱ्हा गुपचूप वाटावी अशी, पण कायदेशीरच आहे. कलम १४-ए खाली ठरावीक जमिनीपुरता वापर बदलता येतो. त्याला राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हरकतींसाठी किमान १५ दिवस द्यावे लागतात. जाहिरात कन्नडमध्ये आली तर ती सर्व्हे नंबराच्या आकड्यांवरूनच ओळखायची, ही आपल्याकडची रीत! कुणी ओळखून सांगेपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात. उरलेल्या दिवसांत उतारे गोळा करायचे, की नकाशा शोधायचा, की वकील गाठायचा?

शिवाय हरकत म्हणजे शंभर अंगठ्यांचं निवेदन नव्हे. बदल सार्वजनिक हिताचा असला पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. म्हणून "आमचं नुकसान होतंय" एवढ्यानं भागणार नाही. नाल्याचं पाणी आज कुठल्या सर्व्हे नंबरात पसरतं, भराव पडला तर ते कुणाच्या दारात जाईल, कुठली पाणंद बंद होईल, हे नकाशावर दाखवावं लागेल. पुराचे फोटो तारखेसकट जोडावे लागतील. हे सगळं १५ दिवसांत उभं राहत नाही, म्हणून काम आत्ताच काढलंय.

ज्यांना जमीन विकायची आहे त्यांच्या आड कमिटी येणार नाही. पण शेजाऱ्याच्या प्लॉटमुळे खालच्या रानात पाणी तुंबत असेल तर बोलावंच लागेल.

आम्हाला माणसं हवीत. कन्नड सफाईनं वाचणारी कॉलेजची मुलं-मुली, ज्यांनी रोज जाहिराती चाळाव्यात. सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले कुणी, जे गावनकाशा आणि मास्टर प्लॅनचा नकाशा एकावर एक ठेवून दाखवतील. जमिनीच्या कामातले वकील असतील तर फारच बरं.

पैसाही लागेल : नकाशांच्या नकला, भाषांतर, मोजणी, वकिलाची फी. दर उंबऱ्याला १०० रुपये धरलेत. बाहेरगावच्यांनी जमेल तेवढे द्यावेत. रोख नसेल तर सुगीला पायलीभर भात चालेल. प्रत्येकाला पावती मिळेल आणि हिशेब देवळाच्या फळ्यावर लागेल.

येत्या रविवारी सकाळी देवळात बैठक आहे. येताना उतारा आणा, पण मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, कमिटीच्याही नाही. झेरॉक्स पुरे.

आपली,
गाव सुधारणा व देवस्थान पंच कमिटी