आण्णा, छाती दाखवून घ्या

त्रिशूर, 19 मे 2021

ती. आई व आण्णा यांस,
शि. सा. नमस्कार.

आण्णा, फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही. छातीचा, लशीचा विषय काढला की 'बरं बरं' म्हणता आणि फोन आईकडं देता. म्हणून लिहून काढलंय. फोटो वहिनीच्या मोबाईलवर पाठवते, चिन्मय वाचून दाखवेल. मधलं काही गाळू नको म्हणावं त्याला.

आधी आईसाठी. टीव्हीवर केरळचे आकडे बघून तुला जेवण जात नाही असं वहिनी म्हणाली. 12 मेला इथं एका दिवसात 43 हजारांवर रुग्ण निघाले, हे खरं. रविवारी रात्रीपासून आमच्या जिल्ह्यात तिहेरी लॉकडाऊन लागलाय, तेही खरं. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेत. किराणा फोनवर सांगायचा, वॉर्डातली पोरं दारात ठेवून जातात. वादळाच्या पावसानं कपडे वाळेनात, एवढाच काय तो ताप. देशातला पहिला रुग्ण याच त्रिशूरात सापडला, 30 जानेवारी 2020 ला. तेव्हाही तू अशीच फोनवर रडली होतीस. आम्ही चौघं बरे आहोत. तू टीव्ही बंद कर आणि जेव.

धंद्याचं विचाराल तर सलग दुसरी अक्षय तृतीया बुडाली. इथली माणसं त्या दिवशी गुंजभर का होईना, सोनं घेतातच. दुकानं बंद म्हटल्यावर सोनारांचं काम बंद, मग आमच्याकडं सोनं गाळायला येणार काय? भाडं मात्र चालू आहे. हे रात्री उठून बसतात, हिशोब करतात, परत झोपतात. पैसे पाठवू का असं परत विचारू नका, त्यांना लागतं ते. गरज पडली तर मीच सांगेन.

आता 'गावाकडं निघून या' याबद्दल. गेल्या वर्षी आलोच होतो की. मिरजेला उतरवणारी पूर्णा एक्सप्रेस बंद, मग पास काढून चार घरांनी मिळून गाडी केली. आल्यावर विलगीकरणात शाळेत ठेवलं त्याचं मला काही नाही, नियमच होता. पण मुदत संपल्यावरही पोरांना कुणी खेळायला घेईना. 'केरळवाले आले' म्हणून बायका नळावरनं बाजूला सरायच्या. देवळाच्या कळसाला देणगी मागताना आम्ही 'गावचे गलाई बांधव' असतो, तेव्हा बरं कुणी सरत नाही! आई तेवढी रोज फाटकापाशी भाकरी घेऊन उभी असायची.

आणि इथं? इथं आम्ही परप्रांतीय. सरकार म्हणतं 'अतिथी कामगार'. टाळेबंदीत यादी करायला आले, तर यांना रागच आला, 'आम्ही धंदेवाले, मजूर नव्हं.' पण आट्याचं, बटाट्या-कांद्याचं किट आलं ते मी घेतलं. मला कसला राग? कुडुंबश्री म्हणजे इथले बचत गट, त्यांच्या बायकांच्या हॉटेलात वीस रुपयांत जेवण मिळतं, तेही आम्ही खाल्लंय. सगळं गोडच आहे असं नाही. कोट्टायमकडं पायिप्पाडला गेल्या वर्षी मार्चमध्ये बंगालचे, बिहारचे मजूर हजारोंनी रस्त्यावर आले होते, घरी सोडा म्हणून. एका खोलीत दहा-दहा जण राहणाऱ्याला 'अंतर ठेवा' सांगून काय उपयोग?

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

गेल्या महिन्यात यांना खोकला लागला. आमच्या घरमालकीण चेची घाबरल्या, त्यांनीच आरोग्य खात्याच्या आशाताईंना बोलावलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, 97 आलं. तपासणी केली, कोरोना नव्हता. तरी रात्रीची धाप थांबेना, म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो. मला मल्याळम बाजारापुरतं येतं, यांना सोनारापुरतं. डॉक्टरांशी बोलली आपली अनू. दहा वर्षांची पोर शेजारी उभी राहून सांगत होती, बाबा रात्री बसून झोपतात, जिना चढताना दोनदा थांबतात. हे तिला कधी कळलं, मला ठाऊक नाही.

डॉक्टरांनी काम काय करता विचारलं. ती म्हणाली, ॲसिडमध्ये सोनं साफ करतात. मग त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावलं आणि कागद आमच्यापुढं ठेवला. छाती धुरानं धरलीय. ॲसिड उकळताना तो तांबूस धूर निघतो ना, तो छातीतल्या ओलाव्याला लागला की परत ॲसिडच होतो म्हणे. आणि मला आठवलं, पहिल्या टाळेबंदीत भट्टी बंद होती तेव्हा यांचा खोकला गेला होता. भट्टी पेटली, खोकला परत आला. आम्ही सगळे कोरोना शोधत बसलो होतो, आणि हे दुखणं वर्षानुवर्षं माडीखालीच उकळत होतं. आता धुराडं छतापर्यंत नेलंय, पंखा मोठा बसवलाय.

आण्णा, तुम्ही सेलमला किती वर्षं मुशीपुढं बसलात? तेव्हा तर पंखाही नव्हता, तोंडाला पंचा. टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंब लावलं, तुम्ही परत आलात. पण खोकला बरोबर घेऊन आलात. 'ते विडीचं हाय' म्हणता, विडी सुटून किती दिवस झाले? कोरोना छातीवरच बसतो, आणि तुमची छाती आधीच अर्धी खर्ची पडलेली. म्हणून लस तुम्हाला आधी पाहिजे.

शेजारच्या तात्यांना लशीनंतर ताप आला, हे कारण चालणार नाही. दिवस-दोन दिवस ताप येतो, अंग दुखतं, जातं. आईनं घेतली, तिला काय झालं? (आई, तुझ्या दुसऱ्या डोसची तारीख पुढं गेली म्हणून घोर लावून घेऊ नको. 13 मेपासून कोविशील्डचं अंतर 12 ते 16 आठवडे केलंय.) लस कमी येते, रांगेत पहाटे उभं राहावं लागतं, माहीत आहे. दादाला नंबर लावायला पाठवा, तुम्ही नंतर जा. मिरजेच्या सिव्हिलला आता जाऊ नका, तिथं कोरोनाचीच गर्दी. ती ओसरली की विट्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सेलमचं सगळं सांगा. विचारल्याशिवाय ते कळणार नाही त्यांना.

तोवर बोटाचं यंत्र विट्यातनं आणवा. बोट गार असताना लावू नका. सहा मिनिटं अंगणात चालायचं, मग परत बघायचं. 94 च्या खाली दिसलं तर माझ्या फोनची वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. आणि बागेत फवारणी गड्याला करू दे. तुम्ही बांधावर उभे राहून ओरडा, ते तुम्हाला चांगलं जमतं.

लस घेतली की चिन्मयला फोटो काढायला सांगा. नुसतं 'घेतली' म्हटलेलं मी धरणार नाही, आईला शपथ घालून विचारीन.

तुमची,
सुरेखा