तेविशी ओलांडलेल्यांच्या पदवीचं काय?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

उच्च शिक्षणाचं प्रमाण आपल्याकडे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येवर काढतात. २०२१-२२ मध्ये देशाचं हे प्रमाण २८.४ टक्के होतं, आणि २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठेवलं आहे. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण त्या वयात कॉलेज मधेच सुटलं आणि आज जे तिशी-चाळिशीत आहेत, ते कुठल्या तालुक्यात किती आहेत, हे या आकड्यातून कळत नाही. प्रौढांसाठी ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम आहे, पण तो मुख्यतः निरक्षरांसाठी. बारावी झालेल्या, एफवाय-एसवायला थांबलेल्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नाही.

मी सोलापुरात मुक्त शिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर शिकवते. आमच्याकडे येणारे बहुतेक शहरातले किंवा शहराला लागून राहणारे. कुंभारीच्या विडी घरकुलातून बायका येतात. आठवडाभर विड्या वळून रविवारी वर्गात बसतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि परीक्षा लिहायची पुस्तकी मराठीत. तरीही त्या टिकतात, कारण केंद्र रिक्षाच्या अंतरावर आहे. करमाळा किंवा मंगळवेढ्याच्या आतल्या गावातून कुणी आलंच, तर दोन संपर्क सत्रांनंतर दिसेनासं होतं. हुशारी दोघींकडे सारखीच असते, फरक एसटीच्या वेळेचा असतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश लोक खेड्यात राहत होते. म्हणजे अडचण थोड्याथोडक्यांची नाही.

खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. बारावीपर्यंतचं कॉलेज बऱ्याचदा जवळपास असतं. पदवीसाठी तालुक्याला किंवा सोलापूरला जायचं, म्हणजे अंतर वाढतं तेव्हाच पास संपतो. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मोठा आधार आहे. पण आठवड्यातून पाच-सहा दिवस जायचं तर अर्धं तिकीटही जड जातं. मग घरचे म्हणतात, बारावी झाली ना, पुरे. पुढे लग्न होतं. मुलं शाळेत जायला लागली की तीच बाई विचारते, मॅडम, माझं एफवाय झालेलं धरतील का?

या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता येत नाही. पास केलेल्या विषयांचे गुणांक, म्हणजे क्रेडिट्स, विद्यार्थ्याच्या खात्यावर साठवणारी क्रेडिट बँक २०२१ मध्ये आली आणि तिच्यातली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. त्याआधी वार्षिक पद्धतीत एफवाय पास झालेल्या बाईच्या खात्यावर काहीच नाही. अभ्यासक्रम बदलला, पॅटर्न बदलला, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणा, टीसी आणा, आणि शेवटी पहिल्या वर्षापासून सुरू करा. तिने पास केलेले पेपर खोटे होते का? हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला नवी इमारत बांधावी लागत नाही.

परीक्षांच्या तारखांकडेही पाहावं. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, तेव्हाच पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात. ऊसतोडीला गेलेला तरुण फडात असतो. त्याला एटीकेटी लागते, ती साठत जाते, आणि नाव सुटतं. (अभ्यासात कच्चा म्हणून सुटलेले माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत.) साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हंगाम संपल्यावर एक जादा परीक्षा ठेवता येणार नाही का?

पदवी हा केवळ मानाचा प्रश्न नाही. तलाठ्याच्या परीक्षेला बसायचं तरी पदवी लागते. गावातली जी माणसं इथलं पाणी, पीक आणि वाद सगळं ओळखून आहेत, ती फॉर्मसुद्धा भरू शकत नाहीत.

सोलापूरला २००४ पासून एका जिल्ह्यापुरतं स्वतःचं विद्यापीठ आहे. अकरा तालुक्यांचा असा प्रयोग करायला याहून सोयीची जागा राज्यात क्वचितच सापडेल. जुन्या एफवाय-एसवायला क्रेडिट देण्याचा नियम इथे लागू करावा. तालुक्याच्या कॉलेजांमध्ये रविवारचे वर्ग आणि तिथेच परीक्षा केंद्र द्यावं. एसटीचा मोफत पास वयाची अट न घालता पदवीपर्यंत वाढवावा. आणि अर्धवट सुटलेल्यांची गावनिहाय यादी अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीमार्फत करून घ्यावी. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, म्हणून पहिला निर्णय, जुन्या पेपरांना क्रेडिट देण्याचा, त्याआधी व्हावा ही विनंती. तसं परिपत्रक निघालं तर त्याच आठवड्यात मी आमच्या केंद्रावरून जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायला बसेन.

आपली,
सोलापुरातील एक शिक्षिका