बाबांचा रिफंड

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, बाबांच्या कापलेल्या कराच्या बारा हजारांसाठी कशाला एवढी धावपळ? आणि मुदतही केव्हाच गेली." घाईत बोलायचा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दर एप्रिलला बाबा स्वतः बँकेत जाऊन 15 एच फॉर्म, म्हणजे माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही, व्याजातून कापू नका असं लिहून देणारा ज्येष्ठांचा फॉर्म, देऊन यायचे आणि त्याची पोच पासबुकाच्या कव्हरमध्ये सरकवून ठेवायचे. तू पाहिलं आहेस. 2023 च्या एप्रिलमध्ये ते आयसीयूत होते. तेव्हा फॉर्म कोणाला सुचणार! ज्येष्ठांसाठी कर न कापता द्यायच्या व्याजाची मर्यादा त्या वेळी 50,000 होती, बाबांच्या ठेवींचं व्याज त्याहून जास्त, म्हणून बँकेने नियमाप्रमाणे 10 टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच घेतला जाणारा कर, कापला. बँकेकडून आणलेल्या 16 ए मध्ये, म्हणजे कर कापल्याच्या प्रमाणपत्रात, ते स्वच्छ दिसतंय. पण त्या वर्षी नव्या कररचनेत 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होता, आणि गणपतीत बाबा गेले तोवरचं पेन्शन नि व्याज मिळून त्याच्या निम्मंही भरत नाही. म्हणजे कापलेला सगळा पैसा त्यांचा आहे. तो न मागता सोडून देणं माझ्या मनाला पटत नाही. माणसाने जन्मभर एक रुपयाचा कर चुकवला नाही रे.

मुदतीचं म्हणशील, तर रिटर्नची नेहमीची मुदत गेली हे खरं. तरीही विलंब माफ करा असा अर्ज करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून 5 वर्षं हा अर्ज चालतो. आपलं निर्धारण वर्ष 2024-25, म्हणजे मार्च 2030 पर्यंत वेळ आहे. 1 कोटीपर्यंतच्या रकमेचा निर्णय प्राप्तिकर खात्याचे प्रधान आयुक्त घेतात. उशिराचं कारण खरं आहे हे मात्र दाखवावं लागतं. दवाखान्याचे कागद मी जपून ठेवलेत, त्यांचा उपयोग इथे होईल. अशा रिफंडवर व्याज मिळत नाही, नाही तर नाही.

"बाबांचा प्राप्तिकर पोर्टलचा पासवर्ड वहीत आहे, त्यावरूनच भरून टाकू" हे तुझं म्हणणं मात्र मला बिलकूल मान्य नाही. ते हयात असल्यासारखं दाखवून काहीही भरायचं नाही. शिवाय त्यांचं खातं आपण बंद केलंय, तिथे रिफंड जमा होणार कसा? सरळ रस्ता असा: मी माझ्या लॉगिनमधून त्यांची कायदेशीर वारस म्हणून नोंद करायची, त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांची पॅन कार्डं आणि वारसाचा पुरावा जोडायचा. मला वाटलं होतं, त्यासाठी कोर्टाचं वारस प्रमाणपत्रच लागेल. पण सरकारकडून मिळालेलं कुटुंब निवृत्तिवेतनाचं पत्रही चालतं, आणि ते माझ्याकडे आहे. नोंद मंजूर झाली की विलंबमाफीचा अर्ज, आणि त्याला होकार आला की बाबांच्या पॅनवर रिटर्न. त्यात 1 एप्रिलपासून ते गेले त्या दिवसापर्यंतचंच उत्पन्न. पुढचं व्याज माझ्या हिशेबात.

पैसे माझ्या खात्यात आले तरी ते माझ्या एकटीचे नाहीत. वारस आपण तिघं आहोत, तू, स्वाती आणि मी. तिला मी कळवलंय, तिची काही हरकत नाही. तुझंही दोन ओळींचं संमतीपत्र सहीसकट पाठव, फाईलला लावून ठेवते.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. पोर्टलवर कागद चढवायचं काम तुझं. दाखल्याचं स्कॅन अगदी स्पष्ट हवं, मागच्या वेळी विम्याच्या कामात शिक्का पुसट आला म्हणून कागद परत आले होते. मूळ प्रत कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

तब्येतीला जप. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई